वर्षभर बॅट रुसली, पुढच्या वर्षी ती पुन्हा चालते का? बेसबॉलमधल्या सरासरीमागचं गणित

तारीख १३ एप्रिल २०१९. ठिकाण बोस्टनचं फेनवे पार्क. पाहुण्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाच्या ख्रिस डेव्हिसने पहिल्याच डावात एक साधा फटका मारला आणि तो पहिल्या बेसवर पोहोचला. होम रन वगैरे काही नाही, पण त्याचे सहकारी असे टाळ्या पिटायला लागले की जणू सामनाच जिंकलाय. डेव्हिसनेही तो चेंडू आठवण म्हणून मागून घेतला.

एवढं कौतुक कशासाठी? तर त्याआधीच्या सलग ५४ प्रयत्नांत डेव्हिसला एकही हिट मिळाली नव्हती. पिचर सोडले, तर मेजर लीगमध्ये इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

विशेष म्हणजे हा कुणी नवखा खेळाडू नव्हता. २०१३ मध्ये याच डेव्हिसने एका हंगामात ५३ होम रन ठोकले होते. मग एखादा वाईट हंगाम गेल्यावर बॅटर सावरतो की नाही? गंमत म्हणजे, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं डेव्हिसच्या कारकिर्दीतच सापडतात.

आधी सरासरीचा हिशेब

क्रिकेटमध्ये एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागलं की सरासरी निघते. बेसबॉलचा हिशेब वेगळा आहे. चेंडू टोलवून बॅटर स्वतःच्या फटक्याच्या जोरावर सुरक्षितपणे बेसवर पोहोचला, की ती हिट. हिटच्या संख्येला प्रयत्नांच्या संख्येने भागायचं. पिचरने चार चेंडू बाहेर टाकले म्हणून फुकट मिळालेला बेस यात धरत नाहीत.

१० पैकी ३ वेळा हिट मिळाली, तर सरासरी ०.३००. एवढी सरासरी असलेला बॅटर उत्तम समजला जातो. म्हणजे हा असा खेळ आहे, जिथे १० पैकी ७ वेळा अपयशी ठरणारा माणूस स्टार असतो. २०२२ मध्ये तर अख्ख्या मेजर लीगची सरासरी ०.२४३ होती.

सगळा खेळ दहा हिटचा

समजा, एका बॅटरची सरासरी गेल्या वर्षी ०.२७० होती आणि यंदा ती ०.२५० झाली. लगेच ‘फॉर्म गेला’ अशी चर्चा सुरू होते. पण ५०० प्रयत्नांत हा फरक किती? १३५ हिटच्या जागी १२५. सहा महिन्यांच्या हंगामात फक्त दहा हिट कमी, म्हणजे पंधरवड्याला एकसुद्धा नाही.

आणि दहा हिट कशानेही जाऊ शकतात. कडक मारलेला चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, तर बॅटची कड लागून घरंगळत गेलेला चेंडू दोघांच्या मधून निसटून हिट ठरतो. संख्याशास्त्राचं साधं सूत्र लावलं तर असं दिसतं, की ज्या बॅटरची खरी कुवत ०.२७० ची आहे, त्याचा आकडा ५०० प्रयत्नांत केवळ नशिबामुळे ०.२५० च्या खाली किंवा ०.२९० च्या वर जाण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. त्यात त्याचं कौशल्य तसूभरही बदललेलं नसतं.

गॅल्टनने उंचीत पाहिलेली गोष्ट

१८८६ मध्ये फ्रान्सिस गॅल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ येतात. बुटक्या आईवडिलांच्या मुलांचंही तसंच. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात.

बेसबॉलमध्ये हे कसं लागू होतं? यादीच्या तळाशी असलेले बॅटर तिथे दोन कारणांनी पोहोचलेले असतात, थोडी कमी कुवत आणि थोडं वाईट नशीब. पुढच्या वर्षी कुवत साधारण तीच राहते, पण वाईट नशीब सगळ्यांच्या वाट्याला पुन्हा तितकंच येत नाही. म्हणून गट म्हणून पाहिलं तर त्यांची सरासरी वर सरकते.

ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये याचं एक गाजलेलं उदाहरण दिलं. त्यांनी १९७० च्या हंगामातले १८ बॅटर घेतले आणि पहिल्या ४५ प्रयत्नांची तुलना उरलेल्या हंगामाशी केली. रॉबर्टो क्लेमेंटेची सुरुवात ०.४०० ची होती, पुढे तो ०.३४६ वर आला. थर्मन मन्सनने सुरुवात केली ०.१७८ ने आणि उरलेल्या हंगामात काढले ०.३१६. त्या वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. मॅक्स अल्विस मात्र ०.१५६ वरून जेमतेम ०.२०० पर्यंत चढला.

अल्विसचं उदाहरण महत्त्वाचं आहे. सरासरीकडे परतणं म्हणजे प्रत्येक जण उसळी मारून वर येणार असं नव्हे. बॅटर परततो तो त्याच्या सर्वात चांगल्या वर्षाकडे नाही, तर स्वतःच्या खऱ्या कुवतीकडे.

नशीब की घसरण, ओळखायचं कसं?

यासाठी जाणकार सरासरीच्या आत डोकावतात. स्ट्राइकआउट आणि होम रन वगळून, मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले ते पाहतात. लीगमध्ये हे प्रमाण ०.३०० च्या आसपास असतं. एखाद्या बॅटरचं हे प्रमाण त्याच्या नेहमीच्या आकड्याहून एकदम खाली गेलं असेल आणि फटक्यातला जोर मात्र तसाच असेल, तर नशीब आडवं आल्याची शक्यता जास्त. पण स्ट्राइकआउट वाढत असतील, फटक्यातला जोर कमी झाला असेल, वय तिशीपलीकडे गेलं असेल किंवा दुखापत लपलेली असेल, तर ती घसरण खरी असते. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग मोजला जातो, तोही याचसाठी उपयोगी पडतो.

टेड विल्यम्सची गोष्ट दुखापतीची आहे. १९५९ मध्ये मान दुखावलेल्या विल्यम्सची सरासरी ०.२५४ वर आली. चाळिशी गाठलेल्या या दिग्गजाने स्वतःहून पगार कमी करून घेतला आणि आणखी एक वर्ष खेळला. १९६० मध्ये सरासरी होती ०.३१६ आणि कारकिर्दीतल्या शेवटच्या प्रयत्नात त्याने होम रन मारला.

कोडी बेलिंजर २०१९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २०२० मध्ये त्याचा खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ मध्ये सरासरी ०.१६५ वर कोसळली. २०२२ संपल्यावर लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला सोडून दिलं. शिकागो कब्जने एका वर्षासाठी घेतलं आणि २०२३ मध्ये त्याने ०.३०७ काढले. पण हे निव्वळ नशीब नव्हतं. त्याचे स्ट्राइकआउट वर्षभरात १५० वरून ८७ वर आले होते.

पुन्हा डेव्हिसकडे

२०१४ मध्येही डेव्हिसची सरासरी ०.१९६ वर घसरली होती. पुढच्याच वर्षी तो ०.२६२ आणि ४७ होम रनसह परतला. ओरिओल्सने विश्वास ठेवला आणि २०१६ च्या सुरुवातीला त्याच्याशी सात वर्षांसाठी १६.१ कोटी डॉलरचा करार केला.

पण पुनरागमनाच्या त्या वर्षातही त्याचे २०८ स्ट्राइकआउट झाले होते आणि २०१६ मध्ये ते २१९ झाले. सरासरी मग ०.२२१, ०.२१५ आणि २०१८ मध्ये ०.१६८. पुरेशा वेळा खेळलेल्या बॅटर्समध्ये मेजर लीगच्या आधुनिक इतिहासातली ही सर्वात कमी सरासरी. पहिली घसरण भरून निघाली, दुसरी कधीच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तो निवृत्त झाला.

शिवाय एक गोष्ट सहज विसरली जाते. पुनरागमनाच्या गोष्टी ज्यांना पुन्हा संधी मिळते, त्यांच्याच असतात. वाईट हंगामानंतर कित्येकांना कुणी संघातच घेत नाही, त्यामुळे ते सावरले असते की नाही हे कधी कळतच नाही. आणि जे सावरतात, त्यांच्या यशाचं श्रेय नव्या कोचला किंवा बदललेल्या स्टान्सला मिळतं, मग त्यातला बराचसा वाटा नुसत्या सरासरीकडे परतण्याचा का असेना.

म्हणून एका वाईट हंगामानंतर ‘संपला’ असं म्हणणं जितकं घाईचं, तितकंच एका चांगल्या हंगामानंतर ‘परत आला’ असं म्हणणंही. ओरिओल्सला हा धडा महागात पडला. डेव्हिस मैदानाबाहेर गेला, तरी कराराचे उरलेले पैसे ठरल्याप्रमाणे त्याला २०३७ पर्यंत मिळत राहणार आहेत.