आधी पत्ता तर बघा!

सबमिशन पाच वाजता, घड्याळात सव्वातीन. शॉर्ट फिल्मचं सगळं फुटेज लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरवर आणि एडिटिंगचा पीसी विंडोजचा. सकाळपर्यंत दिसणारा सर्व्हर आता त्या पीसीला दिसतच नाहीये! अशा वेळी ग्रुपमध्ये काय होतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. एक म्हणतो, ‘लिनक्स-विंडोजचं जमतच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘फॉरमॅट मार.’ तिसरी, म्हणजे मी, रडकुंडीला आलेली.

लॅबमधले दादा आले आणि त्यांनी एकच विचारलं, ‘पत्ता बघितलात का?’

तुमच्यावर ही वेळ आली, तर तुम्हीही इथूनच सुरुवात करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘आयपी ए’ ही कमांड द्या. आमच्या सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.१०. पीसीचा मात्र १६९.२५४ने सुरू होणारा.

हा १६९.२५४ दिसला, की समजायचं : मशीनने नेटवर्ककडे पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच तात्पुरता घेतला. पत्ते वाटण्याचं हे काम डीएचसीपी करतं आणि छोट्या नेटवर्कमध्ये ते बहुतेक वेळा राउटरवरच चालतं. आमचा राउटर दुपारी कुणीतरी फेस्टसाठी हॉलमध्ये नेला होता! सर्व्हरचा पत्ता आधीच हाताने भरलेला, म्हणून तो तसाच राहिला. दोन्ही मशीन एकाच स्विचला जोडलेली, पण पत्ते दोन वेगळ्या गल्ल्यांतले. मग भेट होणार कशी?

दादांनी पीसीला हाताने १९२.१६८.१.२० हा पत्ता दिला. सबनेट मास्क दोन्हीकडे सारखाच ठेवला, २५५.२५५.२५५.०. त्याआधी हा पत्ता दुसऱ्या कुठल्या मशीनचा नाही ना, तेही तपासलं. कारण एक पत्ता दोघांना दिला, की गोंधळ ठरलेला. मग सर्व्हरला पिंग केलं. उत्तर आलं! तुम्हाला नाही आलं, तर लगेच हात टेकू नका. कधीकधी फायरवॉल फक्त पिंग अडवतो.

आणि काम झालं, की पीसीचं सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर न्या. नाहीतर दुसऱ्या नेटवर्कवर तोच पत्ता आडवा येतो.

फिल्म वेळेत गेली. लिनक्स आणि विंडोज दोघंही टीसीपी/आयपी हीच भाषा बोलतात. भांडत होतो ते आम्हीच.