बॅटरी गेली की अल्टरनेटर?

गाडी काही तास बंद राहिल्यावर पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. आकडा १२च्या आसपास असेल, तर बॅटरी बरीच उतरलेली असते. चार्ज असूनही स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६च्या खाली कोसळले, तर बॅटरी बदलण्याची वेळ आलेली असते.

इंजिन सुरू झाल्यावर मात्र कस लागतो अल्टरनेटरचा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा १२वरच अडकला, तर इंजिन बंद करून आधी पट्ट्याचा सैलपणा आणि टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर पाहावा; कित्येकदा दोष तिथेच असतो आणि नवी बॅटरी उगाच घेतली जाते. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत घातक आहे. व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, जळू शकतो.