क्रोशाची पहिली पिशवी

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. माणगावच्या बाजारात जायचं तर घरची पिशवी हवीच. आज ती आपण क्रोशाने विणू या.

जाड सुती दोरा आणि ४ मिलिमीटरची सुई घ्या. ४१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घाला, पुढे प्रत्येक साखळीत एकेक. ४० होतील. ओळ संपली की एक साखळी घालून विणकाम उलटवा. दर ओळीला ४० मोजा. कडेचा खांब सुटला की पिशवी निमुळती होते. लांब खांब भराभर होतात, पण भोकं पडतात आणि मिरच्या-लसूण खाली गळतात. म्हणून मुकाच खांब.

दोन फूट झालं की मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवा.

पिशवी दगा देते ती बंदापाशी. ६ मुक्या खांबांच्या दोन पट्ट्या विणा. वजनाने त्या ताणतात, म्हणून आखूडच ठेवा. टोकं आतून चार बोटं खाली घेऊन चौकोनी शिवा.

गटाने विकायची असेल, तर आधी दोन किलो कांदे भरून रात्रभर टांगून बघू. मग दोऱ्याचा खर्च आणि विणायला लागलेले तास वहीत लिहू. किंमत त्यावरूनच ठरवायची. आपले हात फुकटचे धरायचे नाहीत.