आरसी गाडीची मोटर का जळते? ग्राफ काढला की लगेच कळतं!

धाराशिव : शेतातली पाण्याची मोटर जळाली की ती उचलून रिवाइंडिंगच्या दुकानात न्यायची, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. रिमोटवर पळणाऱ्या आरसी गाडीची मोटर मात्र थेट कचऱ्यात जाते. इंजिनिअरिंगला असताना शर्यतीच्या आदल्या रात्री आमचीही गेली. ‘बॅटरीच खराब’ म्हणून आम्ही मोकळे झालो. चूक गिअरची होती.

नेमकं काय होतं?

ब्रशवाली डीसी मोटर फिरताना स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते. भार वाढून वेग उतरला की हा विरोध घटतो आणि बॅटरीतून जास्त करंट घुसतो.

समजा, ७.२ व्होल्टवर मोटर मोकळी २०,००० आरपीएमने फिरते आणि पूर्ण अडवली तर १०० अँपिअर खेचते. घर्षण सोडून हिशेब करू. १०,००० आरपीएमवर करंट ५० अँपिअर, म्हणजे बॅटरीतून ३६० वॅट निघतात. त्यातले १८० चाकांकडे जातात, उरलेल्या १८० वॅटची निव्वळ उष्णता! १६,००० आरपीएमवर करंट २० अँपिअर. १४४ पैकी ११५ वॅट कामी येतात, वाया जातात फक्त २९.

गंमत म्हणजे सर्वाधिक ताकद अर्ध्या वेगावरच मिळते. ग्राफवर पॉवरची कमान तिथेच शिखर गाठते, म्हणून नवखी मुलं तिथेच गिअर जुळवतात. अनुभवी खेळाडू शिखराच्या थोडं उजवीकडे राहतात. त्यासाठी अनेकदा एक-दोन दात कमी असलेलं पिनियन पुरतं.

घरी कसं तपासायचं?

मोटरच्या शाफ्टवर वजनदार चकती बसवा, तिला छोटं चुंबक लावा, शेजारी हॉल सेन्सर ठेवा. प्रत्येक फेरीची वेळ आर्डुइनो नोंदवतो. चकती किती झपाट्याने वेग घेते, त्यावरून टॉर्क निघतो. टॉर्क गुणिले वेग म्हणजे पॉवर. पुढचा ग्राफ एक्सेल काढतं.

पण चकतीवर झाकण हवंच. ६ सेंटिमीटर व्यासाची, २०० ग्रॅमची चकती २०,००० आरपीएमवर सुमारे २०० ज्यूल ऊर्जा साठवते. २० किलोचं पोतं एक मीटरवरून पडावं, एवढी! आणि चकती नीट मध्यावर बसली नसेल, तर चाचणी सुरूच करू नका.

ब्रशलेसवर लिहिलेलं ‘केव्ही’ म्हणजे?

किलोव्होल्ट नव्हे. दर व्होल्टला किती आरपीएम, हा तो आकडा. ३,००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या लिपो बॅटरीवर मोकळी साधारण २२,२०० आरपीएमने फिरते. दुकानात विकताना हाच आकडा पुढे करतात. भाराखाली काय होईल, ते त्यातून कळत नाही.

एक ग्राफ थंड मोटरचा काढा, दुसरा पळवून तापलेल्या मोटरचा. तांबं ३० वरून ८० अंशांवर गेलं की त्याचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. शेवटच्या फेऱ्यांत गाडी का मंदावते, ते या दोन रेषांमधल्या फटीत दिसतं.