आलेखक, संगणक-नियंत्रित

संगणकाकडून मिळणाऱ्या अंकीय आदेशांनुसार लेखणी, पाते किंवा अन्य हत्यार एका प्रतलात इष्ट मार्गाने फिरवून रेषाचित्र काढणाऱ्या अथवा पातळ पदार्थ कापणाऱ्या यंत्रास संगणक-नियंत्रित आलेखक म्हणतात. व्यवहारात ते प्लॉटर या नावाने ओळखले जाते. मुद्रक कागदावर बिंदूंच्या ओळींमागून ओळी उमटवितो. मूळचा आलेखक मात्र आरेखकाच्या हाताप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड रेषा ओढतो. लेखणीच्या जागी पाते बसविले की, तेच यंत्र कर्तनाचे काम करू लागते. यामुळे आरेखन व कर्तन या दोन्ही प्रकारांचे तत्त्व एकच आहे. [→ संगणक].

तत्त्व व कार्य : कागदाच्या प्रतलावरील प्रत्येक बिंदू एकमेकांस लंब असणाऱ्या दोन अक्षांवरील सहनिर्देशकांनी निश्चित होतो. आलेखकात या दोन्ही दिशांतील गतीसाठी स्वतंत्र चलित्रे असतात. लेखणी उचलणे व टेकविणे यांसाठी बहुधा विद्युत् चुंबक वापरतात. चलित्रे दोन प्रकारची असतात. पदशः चलित्र प्रत्येक विद्युत् स्पंदास ठराविक कोनातून फिरते. त्यामुळे स्पंद मोजले की, स्थान कळते. अनुसेवी चलित्राबरोबर स्थानदर्शक जोडलेला असतो व त्याच्याकडून मिळणाऱ्या पुनःप्रदायानुसार चूक सतत दुरुस्त होते. वेगवान व जड यंत्रांत हा दुसरा प्रकार अधिक उपयुक्त ठरतो.

पदशः चलित्राने तिरकी रेषा काढणे ही आरंभी एक अडचण होती. कारण लेखणीला केवळ आठ दिशांनी, एकेक पायरीने सरकता येत असे. आयबीएम या कंपनीत काम करणाऱ्या जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये यासाठी एक रीत शोधली व ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. समजा, आडव्या दिशेने १० व उभ्या दिशेने ४ पायऱ्या एवढ्या अंतरावरील बिंदूपर्यंत रेषा काढावयाची आहे. लेखणी दर वेळी आडवी एक पायरी सरकते; खऱ्या रेषेपासूनचे अंतर अर्ध्या पायरीहून अधिक होणार असेल, तेव्हाच ती उभ्या दिशेनेही सरकते. या उदाहरणात दुसरी, चौथी, सातवी व नववी या पायऱ्या तिरक्या पडतात, उरलेल्या सहा आडव्या. या रीतीत गुणाकार-भागाकार लागत नाहीत, पूर्णांकांची बेरीज व तुलना पुरते. संगणकाच्या पडद्यावर रेषा काढण्यासाठीही पुढे हीच रीत रूढ झाली.

आलेखकाला द्यावयाचे आदेश साधे असतात : अमुक लेखणी घे, लेखणी उचल, अमुक सहनिर्देशकाला जा, लेखणी टेकव इत्यादी. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या आलेखकांसाठी तयार केलेली एचपी-जीएल ही आदेशभाषा इतर अनेक उत्पादकांनीही स्वीकारली. तिच्यात एक एकक म्हणजे ०·०२५ मिमी., अर्थात एका मिलिमीटरमध्ये ४० एकके होतात.

इतिहास : अमेरिकेतील कॅलिफोर्निया कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स (कॅलकॉम्प) या कंपनीचा ५६५ क्रमांकाचा दंडगोल आलेखक १९५९ मध्ये बाजारात आला. त्याची एक पायरी ०·०१ इंच, म्हणजे सु. ०·२५ मिमी. होती. जर्मनीत कोनराट त्सूझे यांच्या कंपनीने १९६१ मध्ये ग्राफोमाट झेड ६४ हा सपाट पीठाचा आलेखक प्रदर्शित केला. जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने १९६९ च्या सुमारास कापडाचे थर कापणारे संगणक-नियंत्रित यंत्र आणले. चिकट विनाइल पटलातून अक्षरे कापणारी तिची यंत्रे १९८० नंतरच्या दशकात पाट्यांच्या धंद्यात रूढ झाली. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाला आलेख व अक्षरे दाखविणारा ऋण-किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता. संगणकाचे उत्तर आकड्यांऐवजी रेषेच्या रूपात पाहण्याची गरज येथेही आरंभापासूनच जाणवली होती, हे यावरून दिसते.

आरेखन आलेखकांचे प्रकार : (१) दंडगोल आलेखक : यात कागद दंडगोलावर गुंडाळलेला असतो. दंडगोल फिरला की, कागद मागेपुढे सरकतो व लेखणी दंडगोलाच्या लांबीला समांतर फिरते. कागदाच्या कडांना असलेली छिद्रे दंडगोलावरील दात्यांत अडकत असल्याने कागद घसरत नाही. जागा कमी लागते व गुंडाळीच्या लांबीएवढे चित्र काढता येते.

(२) सपाट पीठाचा आलेखक : यात कागद स्थिर असतो. तो निर्वात शोषणाने किंवा स्थिर विद्युत् भाराने पीठाला चिकटून राहतो व लेखणी दोन्ही दिशांनी फिरते. अचूकता अधिक असते आणि जाड अथवा ताठ पदार्थही वापरता येतात. परंतु पीठाइतकी जागा अडते व किंमतही जास्त पडते.

(३) खरखरीत चाकांचा आलेखक : यात कागदाच्या कडा खरखरीत चाक व दाबरूळ यांच्यात धरलेल्या असतात. चाकावरील कणांचे सूक्ष्म ठसे पहिल्या फेरीतच कागदावर उमटतात व पुढच्या फेऱ्यांत ते कण त्याच ठशांत बसतात; म्हणून छिद्रे नसूनही कागद जागेवर परत येतो. ह्यूलेट-पॅकार्डने १९८१ मध्ये या तत्त्वाचा मोठा आलेखक आणल्यावर ही यंत्रे हलकी व स्वस्त झाली. आजचे बहुसंख्य विनाइल-कर्तक याच रचनेचे आहेत.

(४) बिंदुरेखी आलेखक : स्थिरविद्युत् आलेखकात सुईसारख्या अग्रांची लांब ओळ कागदावर विद्युत् भाराचे बिंदू उमटविते व त्यांना शाईचे कण चिकटतात. यात चित्र कितीही गुंतागुंतीचे असले, तरी लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. रुंद कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब फेकणारी यंत्रे १९९१ पासून झपाट्याने पसरली व त्यांनी लेखणीच्या आलेखकांना आरेखन कार्यालयांतून हटविले. कॅलकॉम्प कंपनी १९९९ मध्ये बंद पडली. या नव्या यंत्रांनाही लोक प्लॉटरच म्हणतात. वस्तुतः ती रुंद मुद्रक होत.

(५) प्रकाश-आलेखक : यात लेखणीऐवजी प्रकाशशलाका असते व चित्र छायाचित्रण-फिल्मवर उमटते. मुद्रित विद्युत् मंडलांच्या फिल्मा यानेच तयार करतात.

कर्तन आलेखक : सर्वांत सोप्या प्रकारात पाते आपल्या आसाभोवती मोकळे फिरते व त्याचे टोक आसापासून सु. ०·२५ मिमी. मागे असते. रुग्णालयातील खाटेच्या फिरत्या चाकाप्रमाणे ते गतीच्या दिशेला आपोआप वळते. मात्र कोपऱ्यावर आस तेवढाच पुढे नेऊन लहानसा कंस घ्यावा लागतो, नाहीतर कोपरा गोल येतो. स्पर्शरेखी पात्याच्या यंत्रात पाते वळविण्यासाठी वेगळे चलित्र असते. प्रत्येक कोपऱ्यावर पाते उचलून, वळवून पुन्हा टेकविले जाते. जाड व ताठ पटलांसाठी हा प्रकार योग्य होय. विनाइलचा थर कापावा, पण खालचा मेणकट कागद शाबूत राहावा, एवढाच दाब पात्यावर द्यावा लागतो. कापल्यानंतर अनावश्यक भाग हाताने सोलून काढतात व उरलेली अक्षरे चिकटपट्टीच्या कागदावर उचलून पाटीवर बसवितात. याच तत्त्वावर लेसर शलाका, आयनद्रायू ज्योत, उच्च दाबाची जलधारा किंवा तापलेली तार यांनी अनुक्रमे ॲक्रिलिक, पोलाद, दगड व फेस-प्लॅस्टिक कापतात.

देवनागरी अक्षरांचे कर्तन : रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते, देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना जोडते. संगणकीय टंकांत शिरोरेषांची टोके शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असतात. छपाईत हे दिसत नाही. पण पाते प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्रपणे कापीत असल्याने शिरोरेषेवर जागोजागी आडवे छेद पडतात व सोलताना शब्द तुटतो. म्हणून कर्तनापूर्वी सर्व आकृत्या एकत्र करून शब्दाची एकच बाह्यरेषा करावी लागते.

पळस्पे (रायगड जिल्हा, पनवेल तालुका) येथे मुंबई-पुणे रस्त्यापासून मुंबई-गोवा महामार्ग (पूर्वीचा क्र. १७, सध्याचा क्र. ६६) फुटतो. तेथील नावाचेच उदाहरण घेतल्यास ‘पळस्पे’ या शब्दाच्या एकत्रित बाह्यरेषेखेरीज प-मधील पोकळी, ळ-ची दोन वलये इ. आतील वक्र वेगळे कापावे लागतात. उलट एक लाभही होतो : सर्व अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असल्याने शब्द अखंड उचलता येतो व ओळ वाकडी होत नाही. धोका असतो तो अनुस्वाराचा. ‘मुंबई’ या शब्दावरील टिंब शब्दापासून सुटे असते व सोलताना ते सहज निघून जाते. अशी पाटी तपासताना अक्षरांच्या वळणापेक्षा टिंबे आधी पाहणे इष्ट.

महामार्गावरील दिशादर्शक पाट्यांवर वाहनाचा प्रकाश परत फेकणारे पटल वापरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी : ६७ या संहितेच्या २०१२ मधील आवृत्तीनुसार राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील अशा पाट्यांची पार्श्वभूमी हिरवी, तर द्रुतगती मार्गांवर निळी असते. पांढऱ्या परावर्ती पटलावर हिरवे पारदर्शक पटल लावतात. त्यातील अक्षरे आलेखकाने आधीच कापून काढलेली असल्याने त्या जागी पांढरा भाग उघडा राहतो व रात्री उजळतो.

अचूकता : आलेखकाची पायरी सूक्ष्म असली, म्हणजे नकाशा तेवढाच विश्वसनीय ठरतो असे नाही. १ : २,५०० या प्रमाणात कागदावरील ०·४ मिमी. म्हणजे जमिनीवरील १ मी. होय. ०·५ मिमी. जाडीच्या लेखणीने ओढलेली हद्दीची रेषाच जमिनीवर १·२५ मी. रुंद होते. कागद हवेतील आर्द्रता शोषून फुगतो. कोकणच्या पावसाळ्यात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. एक मीटर लांबीच्या नकाशात केवळ अर्धा टक्का प्रसरण झाले, तरी फरक ५ मिमी., म्हणजे जमिनीवर १२·५ मी. इतका होतो. म्हणून महत्त्वाचे नकाशे पॉलिएस्टर पटलावर काढतात, त्यांवर ज्ञात अंतरावरच्या जाळीच्या खुणा देतात आणि हद्दीची मापे रेषेवरून न मोजता आकड्यांत नोंदवितात. पळस्पे ते इंदापूर या सु. ८४ किमी. टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेण्यात आले. अशा कामात रस्त्याची हद्द कोणाच्या शेतातून, अंगणातून वा भिंतीवरून जाते, हे ठरावयाचे असते; तेथे रेषेची जाडी हा केवळ आरेखनाचा प्रश्न राहत नाही. आलेखक दिलेले सहनिर्देशक इमानाने उतरवितो. मोजणीतील चूकही तो तितक्याच रेखीवपणे काढतो.

सद्यःस्थिती : लेखणीचे आलेखक आता क्वचितच आढळतात, कर्तन आलेखकांचा प्रसार मात्र वाढला आहे. पाट्या, वाहनांवरील अक्षरे, खोक्यांचे नमुने, तयार कपड्यांचे बेत, चामडे इ. कामांत ते वापरतात आणि घरगुती कलाकुसरीसाठीही लहान यंत्रे मिळतात. हाताने पाट्या रंगविणाऱ्या कारागिरांचे काम विनाइल-कर्तन व पाठोपाठ आलेले फ्लेक्स-मुद्रण यांमुळे फार घटले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यातील २०२२ च्या सुधारणेनुसार आस्थापनांचे नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे व ती अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. त्यामुळे देवनागरीचे कर्तन ही आता नित्याची गरज झाली आहे. यंत्र बाह्यरेषा काटेकोर कापते. परंतु शिरोरेषेची जाडी, जोडाक्षराचा तोल व दोन अक्षरांमधील मोकळी जागा यांची जाण पूर्वी रंगाऱ्याच्या हातात होती. ती आता टंक रचणाऱ्याजवळ व यंत्र चालविणाऱ्याजवळ असावी लागते.