मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

समजा, तुमचे मामा हिवाळ्यात विमानाने लंडनला निघाले आहेत. त्यांच्या तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १२, लंडनला पोहोचण्याची वेळ दुपारी ४. तुम्ही म्हणाल, "चार तासांत लंडन! आगगाडीने नागपूरला जायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो." मग तिकीट चुकले काय? नाही. तिकिटावर प्रत्येक गावची वेळ त्या गावच्या घड्याळाप्रमाणे लिहितात.

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ३६० अंशांची एक फेरी ती २४ तासांत पूर्ण करते. म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ब्रिटनची शून्य रेखांशावरून. ८२.५ ला ४ ने गुणा. उत्तर येईल ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. आपली घड्याळे तेवढी पुढे असतात. मामा लंडनला उतरतील, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील. म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा! उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो.

आता अंतर पाहू. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. हाच सर्वांत जवळचा मार्ग. तो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. सपाट नकाशावर मात्र हाच मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो, कारण गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना आकार बदलतात.

मोठे जेट विमान उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने आठ तास पुरायला हवेत. मग जास्त वेळ का लागतो? चढताना आणि उतरताना विमानाचा वेग कमी असतो. युद्धामुळे एखाद्या देशाचे आकाश बंद असेल, तर वळसा घ्यावा लागतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात. परतताना पाठीमागून ढकलतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो. वाऱ्याचा हा हिशेब करूनच विमानात इंधन भरतात. त्यात चूक झाली, तर प्रवाशांचा जीव धोक्यात येईल.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्याचे नाव 'मलबार प्रिन्सेस'. ते वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले होते. आज विमाने न थांबता थेट लंडन गाठतात.

हिवाळ्यातच मामा शनिवारी रात्री ९ वाजता लंडनहून निघाले आणि प्रवासाला नऊ तास लागले, तर त्यांना आणायला विमानतळावर केव्हा जाल? नीट हिशेब करा. शनिवारीच गेलात, तर रात्रभर वाट पाहत बसावे लागेल!

शब्दार्थ
प्रमाणवेळ – साऱ्या देशासाठी ठरवलेली एकच वेळ
वळसा – लांबून फिरून जाण्याचा मार्ग
इंधन – यंत्र चालवण्यासाठी जाळायचे तेल

स्वाध्याय
१. तिकिटावर चार तासच का दिसतात?
२. परतीचा प्रवास लवकर का संपतो?
३. मामा मुंबईला कोणत्या वारी, किती वाजता पोहोचतील?