मुक्काम आणि पोस्ट

वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात असलेल्या गोसीखुर्दच्या नावातील 'खुर्द' हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ 'लहान' असा आहे. थोरल्या वस्तीस 'बुद्रुक' आणि धाकटीस 'खुर्द' म्हणण्याचा जो परिपाठ जुन्या दफ्तरांनी घालून दिला, तो महसुलाच्या सोयीसाठी असला तरी पुढे टपालखात्याच्याही उपयोगी पडला, कारण एकाच नावाच्या दोन गावांमध्ये पत्राची फसगत होऊ नये एवढी तजवीज त्या एका शब्दात आपोआप होते. या लहानपण सांगणाऱ्या नावाने आज ओळखले जाते ते मात्र एक प्रचंड धरण: २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, ज्यास तेहतीस दरवाजे आहेत, आणि सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याच्या उद्देशाने आखलेल्या ज्या योजनेस २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाच्या खर्चाविषयी आणि विलंबाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा, परंतु माझ्या मते त्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे घरी पत्र येण्याचा हक्क.

आपल्या खेड्यांतील पत्त्याची सुरुवात 'मु. पो.' या दोन अक्षरांनी होते. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते गाव, आणि पोस्ट म्हणजे त्या गावाचे टपाल जेथून वाटले जाते ते ठिकाण. दोन्ही एकच असले तर अक्षरे जोडून लिहावयाची, नसले तर तोडून. गावाच्या या भूगोलात घराच्या दारावरील टपालपेटीला स्थान नाही. अमेरिकेत घरापुढील पेटी घरमालकाने स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी, परंतु तिच्यात तिकीट लावलेल्या टपालावाचून इतर कोणी काही टाकू नये, असा १९३४ पासूनचा कायदा आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तो उचलूनही धरला. मुंबईच्या बहुमजली इमारतींत तळमजल्यावर टपालपेट्यांची रांग असते. पवनीकडच्या खेड्यात मात्र पेटी म्हणजे चौकातली किंवा पोस्टाच्या भिंतीवरची, पत्र टाकण्याची तांबडी पेटी. आलेले पत्र पोस्टमन हाक मारून हातात देतो, आणि घर बंद असले तर शेजाऱ्याला ठाऊक असते की माणसे धानाच्या रोवणीला गेली आहेत.

हा लोकाचार कायद्यानेही मान्य केलेला होता. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या तिसऱ्या कलमात असे म्हटले होते की पत्र पत्त्यावरील घरी, अथवा त्या व्यक्तीच्या नोकराच्या, मुखत्याराच्या किंवा नेहमीच्या रिवाजाप्रमाणे टपाल घेणाऱ्या इसमाच्या हाती दिले, म्हणजे ते तिलाच पोचले असे समजावे. सहाव्या कलमाने पत्र गहाळ होणे, चुकीच्या हाती पडणे वा उशिरा पोचणे यांच्या जबाबदारीतून सरकारला बहुतांशी मुक्त केले असले, तरी बावन्नाव्या कलमाने टपाल चोरणाऱ्या वा दडविणाऱ्या टपालनोकराला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. २०२३ च्या नव्या कायद्यात जबाबदारीतून मिळालेली ती सूट कायम राहिली, पण दंडाची ती कलमे गळाली. हा बदल मला रुचलेला नाही. पत्राचे पावित्र्य राखण्यासाठी नोकराच्या सचोटीबरोबर कायद्याचा धाकही हवा होता.

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात या नियमांचा कस लागला, तो प्रेमपत्रांच्या किंवा मनिऑर्डरींच्या बाबतीत नव्हे, तर भूसंपादनाच्या नोटिशींच्या बाबतीत. आता रद्द झालेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे पंचेचाळिसावे कलम एखाद्या ललितलेखकाने वाचावे असे होते. नोटीस शक्यतो त्या माणसाच्या हाती द्यावी. तो न सापडल्यास त्याच्याबरोबर राहणाऱ्या, त्याच्या कुटुंबातील एखाद्या प्रौढ पुरुषाला द्यावी. तसा पुरुषही न सापडल्यास घराच्या बाहेरच्या दाराला डकवावी, किंवा कचेरीत अथवा न्यायालयात आणि संपादित होणाऱ्या जमिनीवर दर्शनी जागी लावावी. अधिकाऱ्याने तसा हुकूम केल्यास ती शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवावी. घरात असलेली, वाचता येणारी, शेतात निंदण करणारी प्रौढ स्त्री या क्रमात कोठेच नव्हती. निवाड्याच्या वेळी जो हजर नव्हता, त्याला वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याचा अर्ज नोटीस मिळाल्यापासून सहा आठवड्यांत, किंवा निवाड्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जी मुदत आधी संपेल तिच्या आत करावा लागे. म्हणजे लखोटा कोणत्या तारखेस कोणाच्या हाती पडला, यावर एका कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब अवलंबून असे.

याला १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमाची जोड आहे. बरोबर पत्ता घालून, तिकीट लावून, नोंदणीकृत टपालाने रवाना केलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचला असेच गृहीत धरले जाते. एरवी हे गृहीतक न्याय्य आहे, कारण नोटीस टाळणारा लबाड माणूस त्याशिवाय कायद्याच्या हाती लागणार नाही. परंतु बरोबर पत्ता म्हणजे कोणता? ज्याचे घर शासनानेच घेतले आणि पुढे पाण्याखाली घातले, त्याचा शेवटचा ज्ञात पत्ता तळ्याच्या तळाशी असतो. लखोट्यावर 'लेफ्ट' असा शेरा मारून तो परत जातो, आणि त्या एका शब्दात माणूस आपखुशीने निघून गेल्याचा भास होतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की जो शासनविभाग दार उचलतो, त्यानेच नवा पत्ता टपालखात्याला आणि स्वतःच्या दफ्तराला कळविला पाहिजे. हा भार विस्थापितावर टाकणे अन्यायाचे आहे.

प्रत्यक्षात हा भार उचलतो तो ग्रामीण डाकसेवक. शाखा-डाकघरासाठी जागा ब्रांच पोस्टमास्तर म्हणून काम करणाऱ्या डाकसेवकानेच पुरवावयाची असल्यामुळे खेड्यातील पोस्ट पुष्कळदा त्याच्या राहत्या घराच्या ओसरीतच असते. असे गाव उठले की शिक्का, तराजू आणि बचतखात्यांची पुस्तके यांसह कचेरीही बिऱ्हाड हलविते. मुळातच 'मुक्काम' या शब्दात प्रवासातल्या थांब्याचा अर्थ आहे, हे अशा वेळी मनाला चटका लावते. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात आखीव रस्ते आणि क्रमांकांचे भूखंड मिळतात, परंतु वडाच्या पाराशेजारचे घर, नदीकडच्या आळीतले शेवटचे दार ही खूण उरत नाही. कोण कोणत्या भूखंडावर गेले, हे त्या डाकसेवकाला तोंडपाठ असते, आणि त्याची बदली अथवा निवृत्ती होईपर्यंतच पत्ता अपुरा असूनही पत्र पोचते.

पत्त्याचे शास्त्र रचण्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. संस्कृतचे कवी आणि टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सिद्ध केलेली सहा अंकी पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तीत पहिला ४ पश्चिमेकडील प्रांतांचा आणि पहिले दोन ४४ विदर्भाचे. ज्या नोंदणीकृत टपालाने नोटिशी जात, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात टपालखात्याने 'डिजिपिन' पुढे आणला, ज्यात सगळ्या देशाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची संज्ञा दिली आहे. ही जाळी जमीन आणि पाणी असा भेद करीत नाही. गोसीखुर्दच्या जलाशयावरही ते चौकोन पडलेले आहेत, आणि ज्या दाराला कधी काळी नोटीस डकवली गेली असेल, त्या बुडालेल्या दारालाही आता अचूक पत्ता आहे.